बाबांसाठी घेतलेली मोटर

माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षं साहेबांना मासे मिळवून दिले आणि त्या सव्वीस वर्षांत छडी एकदाही स्वतःच्या हातात धरली नाही. हे वाक्य आजही लिहिताना माझं डोकं तापतं. तापू दे. शांत होऊन लिहिण्यासारखी ही गोष्ट नाही.

बाबा पाटबंधारे खात्याच्या बंगल्यावर चौकीदार होते. बंगला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होता, पोंभुर्ण्याकडच्या जंगलात. तलावाचं नाव लिहीत नाही, साहेबांचीही लिहिणार नाही. शनिवारी जीप यायची. साहेब, कधी साहेबाचा पाहुणा, छड्यांच्या लांब पिशव्या, थर्मास. रविवारी उजाडलं की सरकारी नाव पाण्यात. साहेब मागे तोंड करून बसायचे, त्यांच्या छडीच्या दोऱ्याला दीडशे फूट मागे एक पितळेचा चमचा बांधलेला असायचा, गरी म्हणजे माशाचा गळ लावलेला. बाबा वल्ही मारायचे. नाव एका चालीनं चालत राहिली तरच तो चमचा पाण्यात लहान माशासारखा डुलतो. हळू झाली तर बुडून चिखलात अडकतो, जोरात गेली तर नुसता गरगर फिरतो. साहेब त्याला ट्रोलिंग म्हणत. बाबा म्हणत, चमचा फिरवणं. मासा कुठे आहे, चमचा कोणता बांधायचा, नाव कुठून वळवायची, हे सगळं बाबा सांगत. मासा लागला की फोटो साहेबाचा. तहान लागली की साहेब थर्मासमधलं पाणी पीत आणि बाबा ओंजळीनं तलावातलं. थर्मासच्या झाकणाचा कप बाबांपुढे कधी आला नाही. मी लहानपणी पाळीवरून हे सगळं पाहत असे. आम्ही बौद्ध, आणि साहेब कोण ते सांगायची गरज नाही. कप का येत नाही हे आठ वर्षांच्या मुलीलाही कळतं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास बाबा निवृत्त झाले. तोवर त्यांचा उजवा खांदा गेला होता. हात कानाच्या वर जात नव्हता, सदरा घालायला आई मदत करायची. मी तेव्हा तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवत होते, खोली घेऊन राहत होते, दर शनिवारी मोपेडवर घरी यायचे. एका शनिवारी पाहिलं तर बाबा पाळीवर उकिडवे बसून एकटक पाण्याकडे बघत होते. मी विचारलं, "काय बाबा, काय पाहता?"

"तिकडं मरळ उठून राह्यली," ते म्हणाले. "मोठी हाय."

"मग धरा ना."

ते हसले. "मी धरू? अन् वल्हं कोण मारन? तू?"

त्या रात्री मी ठरवलं. बाबांची स्वतःची नाव असेल, त्यांची स्वतःची छडी असेल, आणि वल्ही कुणीच मारणार नाही. नावेला मोटर असेल.

बाबांना सांगितलं तेव्हा ते घाबरलेच. "मोटर? आपल्याले? काऊन वो, काय गरज हाय?" आई म्हणाली, "पोरगी कमावते, घेऊन देते तं घ्या ना मुकाट्यानं." पण मुकाट्यानं घेणं बाबांना जमत नव्हतं. त्यांना मुकाट्यानं फक्त देता येत होतं.

आधी नाव. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्याची दोन्ही टोकं निमुळती असतात, तिथे मोटर बसत नाही. मोटरीला मागची फळी सपाट आणि जाड लागते, कारण ती त्या फळीला शिकंज्यानं आवळून लटकवायची असते. गावातल्या सुताराला मी कागदावर काढून दाखवलं. त्यानं कागद उलटसुलट केला, बाबांकडे पाहिलं, आणि पुढे सगळं बाबांनाच विचारत राहिला. नाव मात्र चांगली केली. बारा फुटांची, मागची फळी बिजाच्या लाकडाची.

मग मोटर आणि गळाचं सामान. त्यासाठी नागपूरला जायचं होतं. तिथल्या बर्डीच्या बाजारात एक जुनं दुकान होतं, बंदुका आणि काडतुसं विकणारं. त्यातच एका कपाटात छड्या, रिळं, चमचे असत. बाबांना मी सोबत नेलं. दाराशी आल्यावर बाबांनी चपला काढल्या आणि पायरीवरच थांबले. मी आत गेले.

दुकानदार म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "बोलो बाई, कोनत्या साहेबासाठी पाह्यजे?"

"माझ्या वडिलांसाठी."

"हां हां. कोनत्या खात्यात साहेब हायत ते?"

मी म्हटलं, "साहेब नाहीत. ते बाहेर उभे आहेत." आणि मागे वळून जरा मोठ्यानंच म्हणाले, "बाबा, आत या. चपला घालून या."

बाबा आत आले. चपला हातात होत्या.

म्हाताऱ्यानं दोन मोटरी दाखवल्या, दोन्ही वापरलेल्या, परदेशी. एक पाच हॉर्सपॉवरची, घासलेटवर चालणारी, दोन माणसांनी उचलावी अशी. दुसरी दोन हॉर्सपॉवरची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, एका हातात मावणारी. त्याचं म्हणणं, मोठी घ्या, तलाव मोठा आहे, वाऱ्यात लहान मोटर दम सोडते. मी विचारलं, "अगदी हळू चालवली तर कोणती टिकेल?"

"हळू म्हणजे किती हळू?"

मला आकडा सांगता येईना. तेव्हा मागून बाबा बोलले, पहिल्यांदाच. "मानूस वावराच्या धुऱ्यावरून पीक पाहात चालते ना, तेवढी. त्याच्या वर चमचा नाचत नाई."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "तुमी चमचा फिरवता?"

"साहेब लोकं फिरवतेत," बाबा म्हणाले. "मी वल्हं मारतो."

पुढचा तासभर त्या म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकं परतवून लावली. बाबांना खुर्ची दिली, कपाटातले सगळे चमचे काचेवर ओतले. बाबा एकेक चमचा घेऊन दाराबाहेर उन्हात जात, तिरपा धरत, परत येत. चकचकीत निकलचे सगळे त्यांनी बाजूला सारले. "हा लय चमकते. साफ पान्यात मासा भेते याले. गढूळ असन तं चालन." पितळेचे तीन निवडले, त्यातल्या एकाची पाठ काळवंडलेली. म्हातारा म्हणाला तो जुना आहे, दुसरा घ्या. बाबा म्हणाले, "हाच पाह्यजे. एक बाजू दिसते, एक नाई दिसत. मासा असाच पलटते." छडी त्यांनी आखूड आणि ताठ घेतली, कारण नावेमागे गरी ओढताना लांब छडी सारखी वाकलेली राहते आणि मासा लागल्याचं हाताला कळत नाही. दोरा जाड घेतला. चमच्याच्या पुढे वीतभर तारेचा तुकडा मागितला. "शिंगाडा मासा तोंडानं घासते, दोरा कापते." हे सगळं सांगताना प्रत्येक वाक्याला ते जोडत, "असं साहेब म्हनत."

साहेब म्हणत! मला तिथेच ओरडावंसं वाटलं. साहेबांना कुणी शिकवलं? त्यांना मरळ आणि शेवाळ यातला फरक ज्यानं शिकवला तोच माणूस आता स्वतःचं ज्ञान त्यांच्या नावावर करत होता, आणि तेही ते समोर नसताना.

मोटर आम्ही लहान घेतली. म्हाताऱ्यानं मला दुकानामागच्या पाण्याच्या टाकीत ती लावून दाखवली. दोरी ओढून सुरू करायची, पेट्रोलमध्ये ऑइल किती, फार वेळ हळू चालवली की प्लगवर काजळी धरते, तो काढून पुसायचा. मोपेडचा प्लग मी स्वतःच साफ करत असे, त्यामुळे त्यात नवं काही नव्हतं. एक गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. मोटरीच्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यात एक नरम पिन असते. पंखा खुंटावर किंवा दगडावर आपटला की ती पिन तुटते आणि मोटर वाचते. "पिन लय जपा. वेगळ्या चार देतो. पन जोरात कधी खुंटात घालू नका, पिन तुटन आनि पान्यात मधेच बसान."

आमच्या तलावाला वरच्या अंगाला खुंट होते. पाळ उंच केली तेव्हा तिकडची झाडं न तोडताच पाण्याखाली गेली होती. त्यांचा एकेक खुंट बाबांना पाठ होता.

पहिल्या रविवारी नाव पाण्यात घातली. मी मागे मोटरीपाशी बसले. बाबा नावेत आले आणि सरळ मधल्या पाटावर, वल्ह्यांच्या जागेवर बसले. माझ्याकडे पाठ, हात गुडघ्यांवर.

"बाबा, तिथे नाही. इकडे तोंड करून बसा. छडी घ्या."

"हाव, बसतो." पण बसेनात. मला उठून त्यांना खांद्याला धरून फिरवावं लागलं. छडी त्यांनी अशी धरली होती, जसं कुणीतरी घटकाभर सांभाळायला दिली आहे आणि मालक आत्ता परत येईल. मी दोरी ओढली. मोटर खोकली, सुरू झाली. धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाच्या चालीनं आम्ही निघालो. बाबांनी चमचा मागे सोडला.

दोन रविवार काही लागलं नाही. तिसऱ्या रविवारी कमळाच्या पानांच्या कडेनं जाताना छडी एकदम वाकली. बाबा ओरडले, "बंद कर! बंद कर मोटर!" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मरळ होती, हातभर लांब. ती त्यांनी स्वतः नावेत घेतली, डाव्या हातानं, उजवा उचलत नव्हता म्हणून. मग मला म्हणाले, "थांबली कशाले? सुरू कर." त्यांचे डोळे लाल झाले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

अडचण एकच होती. सरकारी तलावात खासगी नाव ठेवायला साहेबाची लेखी परवानगी लागते. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सोसायटीकडे होता आणि त्यांनी बाबांना हसत हो म्हटलं होतं. पण नावेचा अर्ज चंद्रपूरला साहेबाच्या कचेरीत होता. बाबांनी तो रीतसर लिहून दिला होता, दोन महिने झाले होते, उत्तर नव्हतं. हा साहेब नवीन बदलून आलेला. पुढे त्याला मी 'ते' म्हणणार नाही, 'तो'च म्हणणार आहे.

एका शनिवारी शाळा नेहमीपेक्षा लवकर सुटली. मी दुपारीच घरी आले. ओसरीत मोटर नव्हती. कोपऱ्यात छडी नव्हती. आई चुलीपाशी मान खाली घालून बसली होती.

"बाबा कुठी गेले?"

"साहेब आले हायत," आई म्हणाली. "त्याच्या पाव्हन्याले मोटरची नाव पाह्यची होती."

मी पाळीवर धावले. नाव तलावाच्या मधोमध होती. मागे मोटरीवर साहेब, माझ्या जागेवर. त्याच्यापुढे पाहुणा, बाबांच्या जागेवर, हातात बाबांची छडी. आणि बाबा अगदी पुढच्या टोकावर, गुडघे पोटाशी घेऊन, खुंट दाखवायला. मोटरचा आवाज इथवर येत होता, उंच, किंचाळल्यासारखा. त्यानं ती पूर्ण वेगात सोडली होती. मागे पाण्यात फेसाची रेघ. अशा वेगात कोणता चमचा चालणार होता? त्यांना मासा नकोच होता, त्यांना चक्कर मारायची होती.

नाव वरच्या अंगाला वळली. बाबांचा हात वर झालेला मी पाहिला, डावा हात, थांबा म्हणून. ती थांबली नाही. मग एकदम आवाज बदलला. मोटर पोकळ घोंघावली आणि नाव जागच्या जागी फिरायला लागली. पिन तुटली होती. वेगळ्या पिना माझ्या पर्समध्ये होत्या, कारण मोटर मी नसताना चालेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढचा पाऊण तास मी पाळीवर उभी होते. बाबा पुढच्या टोकावरून उठले, मधल्या पाटावर आले, वल्ही काढली आणि दोन धडधाकट माणसांना उलट्या वाऱ्यात वल्हवत घेऊन आले. त्या खांद्यानं. दर आठ-दहा हातांनंतर थांबत होते. त्या दोघांपैकी एकानंही वल्ह्याला हात लावला नाही. पाहुणा सिगारेट ओढत होता.

नाव काठाला लागली तेव्हा साहेब उडी मारून उतरला. मजेतच होता. "अरे, काहीतरी पिन गेली वाटतं. विशेष नाही. आमच्या वर्कशॉपचा माणूस पाहील."

मी म्हटलं, "मोटर सरकारी नाही. तुमच्या माणसानं हात लावायचा नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "ही कोण?"

मी पाण्यात उतरले, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. शिकंजा सोडला आणि मोटर फळीवरून उचलली. अजून गरम होती, माझ्या मनगटाला चटका बसला. पाहुण्यासमोर हात पसरला. "छडी." त्यानं दिली. "तुम्हाला सहज बसून येता आलं," मी साहेबाला म्हणाले, "ज्यानं आणलं त्याचा खांदा कसा आहे ते एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं."

आणि तेव्हा बाबा बोलले. धापा टाकत, एक हात नावेच्या कडेवर टेकवून. "पोरगी हाय साहेब. नादान हाय. माफ करा."

साहेबाचं बोलणं मला लागलं नव्हतं. हे लागलं.  मी मोटर खांद्यावर घेतली आणि पाळ चढून घरी आले. मागे वळून पाहिलं नाही. बाबांना हात द्यायलाही थांबले नाही, आणि ती माझी चूक होती, हे मला ठाऊक आहे.

घरी मी खूप बोलले. इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. "माफी कशाची मागितली? माझ्या बोलण्याची की तुमच्या जगण्याची?" असंही बोलले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, आई खांद्याला गरम तेल चोळत होती.

"अर्ज हाय त्याच्याजोळ," ते शेवटी म्हणाले. "त्यानं नाई म्हटलं तं नाव बाहेर काढा लागते. मंग तुझी मोटर कुठी लावशीन? घरात?"

 माझा राग तरी शमला नाही. तो अर्जाकडे वळला.

सोमवारी मी रजा टाकली आणि बसनं चंद्रपूर गाठलं. रस्ताभर बोलणं जुळवत होते. काय विचारायचं, तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, आणि परवानगी नाकारली तर वर कुणाला लिहायचं. तिथे साहेबाच्या कचेरीबाहेर दीड तास बाकावर बसले. शिपायानं आत सोडलं. तो काही कागद वाचत होता. मी अर्जाची नक्कल पुढे ठेवली आणि म्हणाले, "तलावातल्या नावेच्या परवानगीसाठी आले आहे."

त्यानं वर पाहिलं. दोन दिवसांपूर्वी मी त्याच्यापासून तीन हातांवर पाण्यात उभी होते. त्यानं मला ओळखलं नाही. अजिबात नाही. घंटी वाजवून मूळ कागद मागवला. कारकुनानं आणला, कुठल्याशा गठ्ठ्याच्या तळातून. तो कागद साहेबासमोर आजवर आलाच नव्हता. त्यानं बाबांचं नाव वाचलं, तेही त्याच्या ध्यानात आलं नसावं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "आणखी काही?"

कागद आल्यावर सगळं मिळून अर्धं मिनिट. शनिवारी त्यानं बाबांना ना धमकी दिली होती, ना अर्जाचा शब्द काढला होता. त्याला असा अर्ज आहे हेच माहीत नव्हतं. त्यानं फक्त म्हटलं होतं, तुझी मोटर दे, आणि बाबांनी दिली होती.

मी बाहेर येऊन बसस्टँडवर बराच वेळ उभी राहिले. भांडायला म्हणून आणलेलं भांडण जसंच्या तसं माझ्याकडे राहिलं होतं. तो वाईट वागला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या लेखी आम्ही नव्हतोच. माझा अपमान त्याच्या लक्षातही राहिला नव्हता, आणि बाबांचा तर त्याला कधी दिसलाच नव्हता.

घरी कागद दाखवला. बाबांनी सहीवरून बोट फिरवलं. "झालं ना? कशाले एवढी तापली होतीस?" मी सांगितलं की अर्ज त्यानं पाहिलाच नव्हता, त्या दिवशी नाव-मोटर द्यायची काहीच गरज नव्हती. बाबांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पिन बसवली काय?"

पिन मी बसवली. पंख्याचं एक पातं वाकलं होतं, ते लाकडावर ठेवून हळूहळू सरळ केलं. खांदा बरा व्हायला दोन महिने लागले. मग आम्ही पुन्हा रविवारी जाऊ लागलो. आमचं बोलणं कमी झालं होतं. मोटर चालवताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असे आणि मला ते 'माफ करा' आठवे, आणि त्यांना ते कळत असे.

पुढच्या हिवाळ्यात आणखी कुणी एक साहेब बंगल्यावर उतरला. बंगल्याचा नवा चौकीदार आमच्या अंगणात आला. "भाऊ, साहेब म्हनतेत, मोटर द्या जराशी. चक्कर मारून येतेत."

मोटर ओसरीत होती, मी सकाळीच पुसून ठेवलेली, प्लग नवा. बाबा तिच्या शेजारीच बसले होते. त्यांनी मोटरीकडे पाहिलंही नाही. "बिघडली हाय," ते म्हणाले. "चालत नाई."

चौकीदारानं मोटरीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि गेला.

तो फाटकाबाहेर पडला तशी मी उसळले. "खोटं कशाला बोललात? देत नाही असं म्हणा ना! आपली आहे, देत नाही! एवढंसुद्धा तोंडातून निघत नाही का?"

बाबांनी विडी पेटवली. "मोटर देली काय?"

"नाही."

"मंग?"

"मग काय? तो समजेल खरंच बिघडली आहे!"

"त्याले जे समजाचं ते समजू दे," बाबा म्हणाले. "मोटर कुठी हाय? इथीच हाय ना?"

मी ताडकन उठून आत गेले. आईनं भाकरीचं पीठ माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "मळ. राग त्याच्यात काढ." मी मळत राहिले. बाहेर बाबा विडी ओढत बसले होते, आणि मी अजूनही ठरवू शकलेले नाही की त्या दिवशी ते जिंकले होते की मी त्यांना हरताना पुन्हा एकदा पाहिलं होतं.